मसीह-उल-मुल्क हकीम अजमल खान : वारशाची पारख करणारा हकीम



११ फेब्रुवारी हा दिवस आपल्या देशात युनानी दिन म्हणून पाळला जातो. हकीम अजमल खान यांचा हा जन्मदिवस. त्यांचे नाव आपल्या घरांत ऐकलेले असते. नाडीवर बोट ठेवताच रोग ओळखणारा हकीम, अशा आख्यायिकाही वडीलधारी मंडळी सांगतात. परंतु त्यांच्या जीवनाचा खरा धडा या आख्यायिकांमध्ये दडून जातो, आणि आज आपल्या कुटुंबांना त्याचीच गरज आहे. म्हणून या अंकात आपण त्यांचे चरित्र पाहू या.

आरंभी आपल्याच शहराकडे दृष्टी टाका. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे १९५६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा घाटी म्हणून ओळखतो. याच शहरात हकिमांचे मतब आहेत आणि काष्ठौषधींची दुकाने आहेत. कन्नड तालुक्यातील कुंजखेडा येथे युनानी वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९४८ पर्यंत आपला हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि त्या राज्यात सरकारी खर्चाने युनानी दवाखाने चालत. त्यामुळे खमीरा, माजून, जोशांदा हे शब्द आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी सहज असत. आज एकाच कपाटात खमीऱ्याची बरणी आणि मधुमेहाच्या गोळ्या शेजारी शेजारी असतात. घरातील वडील म्हणतात, डॉक्टरी औषध गरम पडते. मुलगा म्हणतो, हकिमी औषध म्हणजे जुन्या काळाची समजूत. या वादात रुग्ण मात्र मध्येच अडकतो आणि कधी कधी उपचाराची वेळ निघून जाते. हकीम अजमल खान यांच्यासमोर शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न होता. त्यांनी त्याचे उत्तर आपले आयुष्य खर्च करून दिले.

घराणे आणि संस्कार

अजमल खान यांचा जन्म १८६८ मध्ये दिल्लीत झाला. त्यांचे घराणे शरीफी हकीम घराणे म्हणून प्रसिद्ध होते. त्यांचे पूर्वज हकीम शरीफ खान हे मोगल बादशाह शाह आलम यांच्या काळातील नामांकित हकीम. बल्लीमारान भागातील शरीफ मंझिल ही त्यांची हवेली. वडील हकीम गुलाम महमूद खान यांच्या मतबावर दूरदूरचे रुग्ण येत.

अजमल खान यांनी बालपणी कुरआन मुखोद्गत केले. अरबी, फारसी, हदीस, तर्कशास्त्र यांचे शिक्षण घेतले आणि वैद्यक घरातच वडील व थोरल्या भावांकडून आत्मसात केले. थोरले बंधू हकीम अब्दुल मजीद खान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीत मदरसा तिब्बिया सुरू केला होता. तोपर्यंत वैद्यकविद्या बव्हंशी घराण्यातच राहत असे. बाप मुलाला शिकवी, नुस्खे गुप्त ठेवले जात. ही विद्या शाळेच्या खुल्या वर्गात आणणे हेच मोठे पाऊल होते. पुढे अजमल खान यांनी तेच पाऊल कितीतरी लांबवर नेले.

१८९२ मध्ये ते रामपूरच्या नवाबांचे प्रमुख हकीम झाले आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहिले. रामपूरचे ग्रंथालय हस्तलिखितांसाठी विख्यात आहे, त्याची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. अर्राझी आणि इब्ने सीना यांचे ग्रंथ त्यांनी तेथे निवांतपणे अभ्यासले.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. अबू बक्र अर्राझी (सुमारे ८६५ ते ९२५) यांनी देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग असल्याचे स्पष्टपणे मांडले. ज्या जालीनूसला ते गुरुस्थानी मानत, त्याच्या मतांवरील शंकांचा त्यांनी स्वतंत्र ग्रंथच लिहिला. इब्ने सीना (९८० ते १०३७) यांचा अल-कानून युरोपच्या विद्यापीठांत शतकानुशतके शिकवला गेला. या थोर पुरुषांनी ग्रीकांकडून विद्या घेताना संकोच केला नाही आणि घेतलेली विद्या तपासून पाहतानाही केला नाही. युनानी या शब्दाचा अर्थच मुळी ग्रीक असा आहे. म्हणजे जिला आपण आपली पद्धती म्हणून जपतो, ती एके काळी परक्यांकडूनच आली होती. अजमल खान यांनी हे ओळखले होते.

प्लेग, सुईणी आणि औषधांची शुद्धता

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला आणि पाहता पाहता देशभर पसरला. त्या काळात अजमल खान यांनी प्लेगवर पुस्तिका लिहिली. मुस्लिम समाजाला या विषयात प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण ठाऊकच होती : जेथे साथ असेल तेथे जाऊ नये आणि आपण असू तेथे साथ आली तर तेथून पळून जाऊ नये. साथीच्या काळात मनुष्याचे वर्तन हेही उपचाराइतकेच महत्त्वाचे असते, हे त्या शिकवणीतून स्पष्ट होते.

थोरल्या बंधूंच्या निधनानंतर तिब्बिया मदरशाची जबाबदारी अजमल खान यांच्यावर आली. त्यांनी दोन उणिवा हेरल्या. पहिली औषधांची. बाजारात मिळणारी वनौषधी भेसळीची वा जुनी असे. हकिमाचे निदान अचूक असूनही दुकानदाराच्या पुडीमुळे रुग्ण दगावू शके. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी शुद्ध युनानी आणि आयुर्वेदिक औषधे तयार करणारी संस्था उभी केली. ती पुढे हिंदुस्तानी दवाखाना या नावाने प्रसिद्ध झाली. तिचे उत्पन्न त्यांनी घरी न नेता वैद्यकीय शिक्षणाकडे वळवले.

दुसरी उणीव स्त्रियांच्या उपचारांची. पडद्यातील स्त्रिया पुरुष वैद्याकडे जात नसत आणि बाळंतपण अशिक्षित सुईणींच्या हाती असे. किती माता आणि बालके त्यामुळे प्राणास मुकत असतील, याची कल्पना करा. १९०९ मध्ये अजमल खान यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र तिब्बी शाळा सुरू केली आणि तेथे सुईणींना प्रशिक्षण मिळू लागले. पडद्याच्या नावाखाली स्त्रीला उपचारांपासून वंचित ठेवणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी स्त्रीलाच वैद्यकाचे शिक्षण देऊन हा मार्ग मोकळा केला.

मुंबई इलाख्याचा कायदा

आता आपण अशा घटनेकडे येतो जिचा संबंध थेट आपल्या राज्याशी आहे. १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात वैद्यक व्यावसायिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या डॉक्टरांची सरकारी नोंद होऊ लागली, वैद्य आणि हकीम मात्र त्या यादीबाहेर राहिले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने हा कायदा येथे लागू नव्हता, पण मुंबई, पुणे, नाशिक, सोलापूर या भागांतील देशी चिकित्सकांवर त्याचे सावट पडले. इतर प्रांतांतही असे कायदे येऊ लागले.

अजमल खान यांनी १९१० मध्येच वैद्य आणि हकीम यांना एका व्यासपीठावर आणणारी अखिल भारतीय परिषद स्थापन केली होती. हिंदू वैद्य आणि मुस्लिम हकीम एकमेकांचे प्रतिस्पर्धी समजले जात असताना त्यांनी दोघांचे हित एक असल्याचे दाखवून दिले. या परिषदेने अशा कायद्यांना विरोध केला.

परंतु अजमल खान केवळ विरोध करून थांबले नाहीत, यातच त्यांचे मोठेपण आहे. सरकार आम्हाला वगळते ही तक्रार योग्यच होती. पण आम्ही आमचे शिक्षण सुधारले आहे काय, कोणीही उठून हकीम म्हणवून घेतो त्याला आम्ही आवर घालतो काय, हे प्रश्न त्यांनी स्वकीयांनाही विचारले. प्रेषितांच्या (स.) एका हदीसीचा आशय असा आहे की, वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो आणि त्यामुळे रुग्णाला इजा होते, त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येते. म्हणजे रुग्णाचे शरीर ही अमानत आहे आणि अज्ञानाने त्या अमानतीशी खेळणे हा गुन्हा आहे. पुढे १९३८ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने आयुर्वेद आणि युनानीच्या चिकित्सकांचीही नोंदणी सुरू झाली. अजमल खान तो दिवस पाहण्यास हयात नव्हते.

लंडनच्या रुग्णालयात

१९११ मध्ये त्यांनी युरोपचा प्रवास केला. तेथील रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये जवळून पाहिली. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात तेव्हा डॉ. मुख्तार अहमद अन्सारी हे भारतीय डॉक्टर काम करीत होते. या दोघांचा स्नेह पुढे जन्मभर टिकला.

त्यांचे चरित्रकार येथील एक प्रसंग सांगतात. रुग्णालयातील ज्येष्ठ शल्यचिकित्सक डॉ. स्टॅन्ली बॉइड यांनी एका रुग्णाला तपासण्याची विनंती हकीम साहेबांना केली. बॉइड यांच्या मते विकार पित्ताशयाचा होता. हकीम साहेबांनी तपासून आतड्याच्या आरंभीच्या भागात जुना व्रण असल्याचे सांगितले. शस्त्रक्रिया झाली तेव्हा हकीम साहेबांचे निदान खरे ठरले आणि बॉइड यांनी मोठ्या मनाने ते मान्य केले.

ही कथा आपल्याकडे नाडीपरीक्षेचा विजय म्हणून अभिमानाने सांगितली जाते. अभिमान जरूर बाळगा, पण तिची दुसरी बाजूही पाहा. हकीम साहेबांचे निदान खरे आहे हे कळले कशामुळे? शस्त्रक्रियेमुळे. ती झाली नसती तर दोन तज्ज्ञांची दोन मते एवढेच उरले असते, आणि रुग्णाच्या व्रणावर केवळ निदानाने इलाजही झाला नसता. अजमल खान यांना हे उमगले होते. परत आल्यावर त्यांनी शरीररचना आणि शस्त्रक्रिया यांच्या अध्यापनावर भर दिला. आपण त्या जागी असतो तर कदाचित विजयाचा डंका पिटत बसलो असतो.

तिब्बिया कॉलेज

दिल्लीच्या करोल बाग भागात आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजची कोनशिला २९ मार्च १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते बसवण्यात आली. या महाविद्यालयात आयुर्वेद आणि युनानी या दोन्ही शाखा एकाच छताखाली होत्या. जोडीला आधुनिक शरीरशास्त्र आणि शस्त्रक्रियेचे शिक्षण होते, रुग्णालय होते, औषधनिर्मितीची सोय होती.

काही हकिमांना हे रुचले नाही. परक्या विद्येच्या मिश्रणाने आपली विद्या भ्रष्ट होईल अशी त्यांना भीती वाटत होती. उलट काही डॉक्टरांना हा जुन्या विद्येला नवा मुलामा देण्याचा प्रयत्न वाटला. अजमल खान दोन्ही बाजूंचे बोल ऐकत काम करीत राहिले.

१३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. असहकाराचे आंदोलन ऐन भरात होते. तरीही हार्डिंग दांपत्याच्या तसबिरींचे अनावरणही त्या दिवशी गांधीजींच्याच हस्ते झाले, कारण ज्याने मदत केली त्याचे उपकार मानणे हकीम साहेबांना आवश्यक वाटत होते. गांधीजींनी भाषणात केवळ स्तुती केली नाही. पाश्चात्त्य वैज्ञानिकांच्या संशोधक वृत्तीचा त्यांनी गौरव केला आणि आपल्या वैद्य-हकिमांत ती वृत्ती कमी दिसते, ते जुनी सूत्रे प्रश्न न विचारता पाळतात, अशी खंत बोलून दाखवली. स्वतःच्या समारंभात स्वतःच्या विद्येवरील ही टीका हकीम साहेबांनी ऐकून घेतली. त्यांचे पुढचे कार्य पाहिले तर ती त्यांनी मनावरही घेतलेली दिसते.

सार्वजनिक जीवन आणि दातृत्व

सार्वजनिक जीवनातही त्यांचे स्थान मोठे होते. १९२० मध्ये त्यांनी सरकारने दिलेला हाजिक-उल-मुल्क हा किताब आणि कैसर-ए-हिंद पदक परत केले. जनतेने मग त्यांना मसीह-उल-मुल्क ही पदवी दिली. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे नियोजित अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात असल्याने अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९२० मध्ये स्थापन झालेल्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे ते पहिले कुलपती. खिलाफत चळवळ ओसरली, पैसा आटला आणि जामिया बंद करावी असा विचार पुढे आला. तेव्हा त्यांनी १९२५ मध्ये ती अलीगढहून दिल्लीत आणली आणि पदरमोड करून जगवली.

हा पैसा कोठून येत असे? राजे-नवाब त्यांना दिल्लीबाहेर बोलावत तेव्हा ते दिवसाला १,००० रुपये शुल्क घेत. पण दिल्लीत त्यांच्या मतबावर येणाऱ्याकडून, तो गरीब असो की श्रीमंत, ते काही घेत नसत. श्रीमंतांच्या दारातून आलेला पैसा अशा रीतीने गरिबांच्या औषधात आणि विद्यार्थ्यांच्या शिक्षणात जाई.

सर्पगंधेची मुळी

आता त्यांच्या जीवनातील शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा अध्याय. देशी औषधांचे रासायनिक पृथक्करण व्हावे अशी त्यांची तीव्र इच्छा होती. जर्मनीत रसायनशास्त्र शिकलेले तरुण शास्त्रज्ञ सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांच्यावर त्यांनी तिब्बिया कॉलेजात संशोधन विभाग उभारण्याची जबाबदारी सोपवली. मात्र २९ डिसेंबर १९२७ रोजी रामपूर येथे हकीम साहेबांचे निधन झाले. वय अवघे ५९ वर्षांचे. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

सिद्दिकी यांनी काम थांबवले नाही. १९३१ मध्ये त्यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीतून एक द्रव्य वेगळे केले आणि आपल्या उपकारकर्त्याच्या नावावरून त्याला अजमलीन असे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांशी संबंधित ब्रुगाडा नावाचा एक छुपा विकार आहे. तो उघड करण्याच्या तपासणीसाठी आजही काही देशांतील रुग्णालयांत अजमलीन वापरतात. जगातील हृदयरोगतज्ज्ञ आपल्या हकीम साहेबांचे नाव असे उच्चारतात.

सर्पगंधेची कथा येथे संपत नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर या मुळीचा परिणाम पद्धतशीर नोंदवला आणि १९४९ मध्ये ब्रिटनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन हे औषध वेगळे करण्यात आले आणि अनेक वर्षे ते रक्तदाबावर वापरले गेले. मग अनुभवांती असेही दिसले की, अधिक मात्रेत घेतल्यास काही रुग्णांना तीव्र खिन्नता येते. पुढे अधिक सोयीची औषधे निघाली आणि त्याचा वापर कमी झाला.

वाचकहो, एकाच मुळीत दोन धडे आहेत. आपल्या पूर्वजांच्या ज्ञानात खरोखर गुण होता, म्हणून त्याचा उपहास करणाऱ्याने विचार करावा. आणि जडीबुटीने अपाय होतच नाही असे मानणाऱ्यानेही विचार करावा, कारण गुण आणि अपाय दोन्ही तपासणीनेच कळले.

आपल्यासाठी बोध

अल्लाहने असा कोणताही आजार उतरवला नाही ज्याचा इलाज उतरवला नाही, हा प्रेषितांच्या (स.) प्रसिद्ध हदीसीचा आशय आपल्याला माहीत आहे. इलाज शोधणे हे माणसाचे काम. हजरत सअद (रजि.) आजारी असताना प्रेषितांनी (स.) त्यांना हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास सांगितले होते. हे वैद्य इराणात वैद्यक शिकले होते, असे इतिहासकार सांगतात. म्हणजे जाणकाराकडे जाणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

मग आपल्या घरात काय करावे? लकवा मारल्याची चिन्हे दिसली, तोंड वाकडे झाले, हात उचलेना, तर मालिश, झाडफूक किंवा कोणतीही पुडी यांत वेळ घालवू नका. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्या. छातीत कळ आली तरी हेच करा. क्षयरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. बरे वाटू लागले म्हणून ती मध्येच सोडू नका. इन्सुलिन कोणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नका. सांधेदुखी वा दमा एका पुडीत पळवून लावण्याची हमी जो देतो, त्याच्यापासून सावध राहा. अशा काही पुड्यांत छुपे स्टेरॉइड आढळले आहे आणि ते हाडे, साखर यांवर घाला घालते.

त्याचबरोबर पथ्य, आहार, झोप आणि मिजाज यांचा विचार करणारा नोंदणीकृत, शिकलेला हकीम हा तुमचा हितचिंतक आहे. त्याच्याकडे अवश्य जा. फक्त त्याला डॉक्टरची औषधे दाखवा आणि डॉक्टरला हकिमाची. लपवू नका. सर्पगंधेसारखी औषधी आणि रक्तदाबाची गोळी नकळत एकत्र गेली तर रक्तदाब धोकादायक रीतीने उतरू शकतो. आणि जो हकीम स्वतःहून सांगतो की हा आजार माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, घाटीत जा, त्याला कमी लेखू नका. अजमल खान यांचा खरा वारसदार तोच.

अल्लाह आपल्या सर्व रुग्णांना शिफा देवो, उपचार करणाऱ्यांच्या हातांना यश देवो आणि अमानत ओळखण्याची बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.